गारांच्या वर्षीची काच

"पुसून निघत नाहीये," दुकानाच्या दारातच उभी राहून नणंद म्हणाली.

काचवाली पुट्टी मळत बसली होती. खडूची पूड आणि जवसाचं तेल, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत मळायचं, हे तिचं रोजचं काम. तिने वर पाहिलं आणि हात तसेच राहिले. नणंद या दुकानाची पायरी चढली त्याला इतकी वर्षं झाली होती की मधल्या काळात पायरीसुद्धा बदलून झाली होती. सख्खा धाकटा भाऊ, काचवालीचा नवरा, गेला, तेव्हाही ही बाई रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली आणि तिथूनच माघारी फिरली. आज मात्र जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून ती थेट दारात आली होती.

"काय निघत नाही, वन्सं?"

"डाग. साबण झाला, सोडा झाला, सुरीने खरवडून झालं. मग उन्हात धरून बघितलं." तिने चादर उलगडून काच टेबलावर ठेवली. "आता तू बघ."

काच साधीच, स्वयंपाकघराच्या खिडकीची. पुट्टी वाळून भुगा झाली होती, काच खडखडत होती, म्हणून नणंदेने ती स्वतःच काढून धुवायला घेतली होती. खालच्या कोपऱ्यात, अगदी काठाला लागून, मधाच्या रंगाचा एक अंगठा उमटलेला होता. रेषा स्वच्छ, आणि त्या रेषांना मधोमध कापत गेलेली एक तिरकी चीर.

काचवालीला तो अंगठा ओळखायला क्षणही लागला नाही. तो तिने चहाच्या कपाच्या कानावर पाहिला होता, काच कापायच्या हिरकणीच्या मुठीवर पाहिला होता, आणि शेवटी दवाखान्याच्या चादरीवर पाहिला होता.

"ती चीर म्हणजे माझं काम," नणंद म्हणाली. "लहानपणी पेटीचं झाकण आपटलं होतं मी त्याच्या हातावर. रडून रडून लाल झाला, पण आईला नाव सांगितलं नाही. आता तू मला एवढंच सांग, हा माझ्या घरात आला कसा? मी तर त्याला घरात पाऊल टाकू दिलं नाही कधी."

आवाज नेहमीसारखा भांडणाचाच होता, पण बोट त्या चिरेवरून निघत नव्हतं. काचवालीने हात पुसले आणि दुकानातलं एकुलतं एक स्टूल तिच्यापुढे सरकवलं.

त्या बहीणभावाचं भांडण गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नणंदेने नवं घर बांधलं, राहायला जायचा दिवस ठरवला, माणसं जेवायला बोलावली. आदल्या संध्याकाळी गारा पडल्या. गारा कसल्या, नुसती अंडी होती. त्यानंतर गावात एक खिडकी धड राहिली नाही, आणि काचेचं दुकान होतं एकच. काचवाला दुकानातून हलला नाही. दारात काचा न्यायला आलेल्या सुतारांची रांग, आत ही नवराबायकोची जोडी. एरवी तो पुट्टीचा हात काचेला लागू द्यायचा नाही, आधी धुऊन यायचा. त्या दिवसांत हात धुवायलाही सवड नव्हती. काच कापायची, पुट्टीचा गोळा बांधायचा, पुन्हा काच. बहिणीकडचं जेवण राहिलं ते राहिलंच. गर्दी ओसरल्यावर तो गेला, तर बहीण दार अडवून उभी. गावाच्या खिडक्या मोठ्या झाल्या तुला, आता तुझे पाय माझ्या घराला लागले नाहीत तरी चालतील, असं ती म्हणाली. यानेही "बरं" म्हटलं आणि वळला. एका आईची लेकरं. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही.

पुढे काही वर्षांनी गावातल्या कापडवाल्याकडे चोरी झाली. मागच्या खिडकीची काच अख्खी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि कपाटातले दागिने गेलेले. काच इतक्या सफाईने काढणारा दुसरा कोण असणार, असं म्हणून पोलिसांनी काचवाल्याला उचललं. त्याने सांगितलं, मी त्या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही. ते खरंच होतं. पण काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा निघाला, आणि खरं बोलणं हेच त्याच्या अंगावर आलं. रोज पुसल्या जाणाऱ्या काचेवर जुना ठसा टिकेल कसा, असं सरकारी वकिलांनी विचारलं. ती काच बसवणाऱ्या सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, गारांच्या वर्षी इतक्या खिडक्या बसवल्या, कुठली काच केव्हा आणि कुठे लावली ते काय सांगू. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

शिक्षा भोगून काचवाला परत आला. अपील केलेलं होतं, ते कोर्टाच्या वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलं. तो पुन्हा दुकानात बसू लागला, पण लोकांच्या घरी काच बसवायला जाईना. ते काम बायकोने घेतलं. ती शिडीवर चढली की खालून घरमालकीण कपाटाला कुलूप लावायची, तो आवाज तिला वर ऐकू यायचा. ती पुट्टी लावत राहायची. मग एका दुपारी हिरकणी हातात असतानाच नवऱ्याच्या छातीत कळ आली आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

माणूस गेला की त्याचं अपीलही संपतं, नाहीतर जवळच्या नातेवाइकाने मुदतीत अर्ज करून ते पुढे चालवायचं असतं, हे तिला वकीलबाईंनी सांगितलं. ही वकीलबाई म्हणजे कालपरवा काळा कोट घातलेली मुलगी. आधीच्या, आता थकलेल्या वकिलांनी हे प्रकरण तिच्या गळ्यात टाकलं होतं. अर्ज द्यायला गेल्यावर कचेरीतला कारकून भल्या मनाने म्हणाला होता, "बाई, शिक्षा भोगून झाली, माणूसही गेला. आता जिंकून तुम्हाला मिळणार काय?"

"मिळायचं काही नाही," काचवाली म्हणाली होती. "परत करायचंय. तुम्ही त्यांना चोर म्हणून नाव दिलंत ना, ते."

परवानगी मिळाली होती. पण हातात पुरावा म्हणाल तर शून्य, असं वकीलबाईंनीच कबूल केलं होतं. आणि आता नणंद स्टुलावर बसून चादरीच्या टोकाने नाक पुसत होती.

दोघी तशाच काच घेऊन वकीलबाईंच्या खोलीवर गेल्या. त्या मुलीने काच खिडकीशी धरली, उलटसुलट केली आणि विचारलं की हा कोपरा चौकटीत कुठे होता. पुट्टीच्या आत, नणंद म्हणाली. म्हणजे बाहेरून पुसलं तरी हात लागणार नाही असा? नणंद म्हणाली, अगं बाई, हात कसा लागेल, मी पुट्टी खरवडली तेव्हा तर तो दिसला.

वकीलबाई खुर्चीत बसल्या. कापडवाल्याच्या काचेवरचा ठसा नेमका कुठल्या जागी होता, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पोलिसांनी फोटो काढला होता तो फक्त ठशाचा. मग त्यांनी विचारलं, "काकू, काका काच कापून झाली की काय करायचे?"

"काय करणार? द्यायचे गिऱ्हाइकाला."

"त्याच्या आधी?"

काचवालीने डोळे मिटले. नवरा टेबलाशी वाकलेला, हिरकणीचा कुर्र आवाज, काच टक्कन सुटते, तो 'झालं' म्हणतो. आणि 'झालं' म्हणताना, लहान मुलाच्या गालावर टेकवावा तसा, अंगठा कोपऱ्यावर टेकवतो. प्रत्येक काचेवर. जन्मभर. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिने रोज पाहिल्यामुळे कधी पाहिलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही असा की नवरा तुरुंगात जाऊन आला. एरवीचा कोरडा अंगठा फडक्याने निघून गेला असता. गारांच्या दिवसांत तो जवसाच्या तेलात भिजलेला होता, आणि ते तेल वाळलं की वार्निश होतं.

ती तिथे मोठ्याने रडली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, आणि नणंद तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, थोडा जोरातच, जणू कुणी घाण गालिचा झटकावा.

मग वकीलबाईंनी अडचण सांगितली. ही काच उपयोगी आहे ती एकाच कारणाने. काचवाला त्या घरात कधी गेला नव्हता, तरी त्याचा अंगठा तिथे होता. म्हणजे ते कोर्टात कुणीतरी सांगायला हवं. शपथेवर, सगळ्यांसमोर.

"म्हणजे मी," नणंद म्हणाली. तिने काच पुन्हा चादरीत गुंडाळायला घेतली. "सगळ्या गावाला माहीत आहे म्हणा. पण मी तोंडाने कधी सांगितलेलं नाही."

सुनावणीच्या दिवशी वरच्या मजल्यावरची खोली भरून गेली. नणंद ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती आणि कुणाकडे बघत नव्हती. ठसे तपासणाऱ्या तज्ज्ञाने, काचवाली मनात त्याला 'ठसेवाला' म्हणत होती, दोन्ही काचांवर एकच अंगठा असल्याचं सांगितलं. कापडवाल्याची काच कोर्टाच्या कोठारातून काढून आणली होती. तिच्यावरचा ठसाही काठाला, पुट्टीच्या पट्ट्यातच होता.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. माणूस वाईट नव्हता, पण हरायची सवय नव्हती. आपला तो बाब्या असं कुठल्याही बहिणीला वाटतंच, असं ते गोड आवाजात म्हणाले. सख्खा भाऊ, एकाच गावात राहणारा, इतक्या वर्षांत एकदाही बहिणीच्या घरी आला नाही, यावर कोर्टाने विश्वास कसा ठेवायचा?

"आला होता," नणंद म्हणाली.

खोलीत कुजबुज झाली. वकीलबाईंचा चेहरा उतरला.

"आला होता, फाटकापर्यंत," नणंद म्हणाली. "तुरुंगातून सुटला त्या दिवशी. घरी जायच्या आधी माझ्याकडे आला. हातात पिशवी होती. मी स्वयंपाकघरात होते. त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं, आणि मी खिडकी लावून घेतली." तिने टेबलावरच्या काचेकडे बोट केलं. "हीच. त्याचा अंगठा हिच्यात होता आणि मी ती त्याच्या तोंडावर लावली. आता अजून काय विचारायचंय ते विचारा."

सरकारी वकिलांनी हातातला कागद उलटा ठेवला. काचवालीलाही हे माहीत नव्हतं. त्या दिवशी नवरा घरी आला तेव्हा इतका उशीर का झाला, असं तिने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, चालत आलो.

तरी सरकारी वकिलांनी आपलं काम सोडलं नाही. एका खिडकीने काय सिद्ध होतं, असं ते म्हणाले. भावाबहिणीतलं प्रकरण आहे, काच केव्हा बसवली, कोण सांगणार? तेव्हा दाराशी उभा असलेला म्हातारा शिपाई खाकरला. कोर्टात शिपायाने बोलायचं नसतं, हे त्याला न्यायाधीशांपेक्षा जास्त वर्षं ठाऊक होतं.

"साहेब, माफी असावी," तो म्हणाला. "गारांच्या वर्षी आपल्याही काचा फुटल्या होत्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि खिडक्यांकडे पाहिलं. मग त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, की हा आरोपी कधी या खोलीत आला होता का.

"या खोलीत? छे, साहेब," सरकारी वकील म्हणाले. "खटला खाली चालला. अपील आज पहिल्यांदा पुढे आलंय. तो इथे कधीच आला नाही."

"नक्की?"

"नक्की," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सुतार बोलावला. तो येईपर्यंत कुणी जागा सोडली नाही. ठसेवाल्याच्या देखरेखीखाली त्याने पहिल्या खिडकीची पुट्टी पटाशीने काढली, काच उतरवली, कोपरा उजेडात धरला. काहीच नव्हतं. ती काच मागाहून कधीतरी बदललेली होती. सरकारी वकिलांनी खाकरून कागद नीट केले. नणंदेने काचवालीचा हात धरला तो असा, की बांगडी रुतली.

दुसरी काच. जुनी पुट्टी दगडासारखी झाली होती, ती खपल्या खपल्यांनी खाली पडत होती. ठसेवाल्याने भिंग लावलं, बाजूला झाला, आणि काच न्यायाधीशांकडे घेऊन निघाला. न्यायाधीश खुर्चीवरून उठून खाली आले. मधाच्या रंगाचा अंगठा, मधोमध तिरकी चीर.

"हजर आहे," शिपाई दाराशी पुटपुटला, आणि या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

मग एकामागून एक त्या खोलीतल्या चारही खिडक्यांच्या काचा उतरवून झाल्या, आणि तीनमध्ये काचवाला होता.

निकाल पुढच्या तारखेला लागला. अपील मंजूर, आरोपी निर्दोष, शिक्षा रद्द. न्यायाधीशांनी वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला आणि आणखी एक वाक्य बोलले. ज्या दिवशी या माणसाला शिक्षा सुनावली, त्या दिवशीही या इमारतीत उजेड त्याच्याच काचांतून येत होता, पण आपल्याला दिसलं नाही. सरकारी वकील उठून उभे राहिले आणि काचवालीकडे वळून त्यांनी मान लववली.

तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण कोसळू. तसं काही झालं नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवावंसं वाटलं. जिन्यावर कारकून हात जोडून उभा होता. खाली कापडवाला भेटला. आपल्याला आधीपासूनच शंका होती, असा माणूस पुन्हा होणे नाही, असं काय काय सांगू लागला. खरा चोर कोण, हे त्यालाही कधी कळलं नाही. नणंद त्याच्या तोंडावर म्हणाली, "मेलेल्या म्हशीला मणभर दूध. चल ग."

दुपारचं ऊन कलतं होतं आणि रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्या पेटल्या होत्या. शाळा, टपालकचेरी, बेकरी, न्हाव्याचं दुकान, दोन मजली घरं. काचवाली त्यांच्याकडे बघत चालली. आजवर ती या रस्त्याने मान खाली घालून गेली होती. आता तिला कळत होतं की ज्या घरांनी तिच्यासमोर कपाटं बंद केली, त्यांतल्या कितीतरी घरांत तो एका कोपऱ्यात निवांत बसलेला आहे, कुलपाच्या आत. तिला हसू आलं. ती रस्त्यात उभी राहून हसली.

बेकरीवाली दारातून बाहेर आली. मागची काच केव्हाची तडकलीय, उद्या येतेस का, असं तिने विचारलं. मग कनवटीची किल्ली काढून पुढे केली. "मी सकाळी घरी नसेन. तूच उघड आणि काम झालं की ओढून घे."

काचवालीने किल्ली घेतली. ती तिने पिशवीत टाकली नाही, घरापर्यंत मुठीतच ठेवली.

त्या आठवड्यात कोर्टाने काचा परत केल्या. वरच्या मजल्यावर नव्या काचा आणायचं चाललं होतं. काचवालीने सांगितलं, याच बसतील, आणि स्वतः जाऊन बसवून आली. शिपायाने शिडी धरली. मग ती नणंदेची काच घेऊन नणंदेच्या घरी गेली. त्या घराच्या उंबऱ्यावर तिचंही पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. नणंद दारात उभी होती, पण बाजूला होऊन.

स्वयंपाकघराच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. काचवालीने तो काढला, चौकट साफ केली, काच बसवली आणि कडेने पुट्टीची वळी दाबत आणली. तीन बाजू झाल्या. चौथीला, कोपऱ्याशी आल्यावर, नणंदेने तिचं मनगट धरलं.

"तिथे नको लावूस."

"तेवढी मोकळी राहिली तर काच हलेल, वन्सं. वाऱ्याने वाजत राहील."

"वाजू दे," नणंद म्हणाली. "मला कळेल तो आलाय."

काचवालीने उरलेली पुट्टी गोळा करून डब्यात टाकली. नणंदेने चहा ठेवला. दोघी खिडकीशी बसल्या, आणि पहिला घोट घेतला तेव्हाच बाहेर वारा सुटला.